वरून हिरवं दिसतं, पण चारा आहे का?

प्रश्न : पावसाळा संपताना आम्ही ड्रोनने कुरणाचे फोटो काढले. सगळं हिरवंगार दिसतंय, पण गुराखी म्हणतात चारा घटलाय. कुणाचं खरं मानायचं?

उत्तर : पडताळून पाहीपर्यंत तरी गुराख्यांचं.

गुरं ज्याला तोंड लावत नाहीत ते तणही वरून हिरवंच दिसतं, आणि अतिचराई झालेल्या जागी पुष्कळदा तेच फोफावतं. एनडीव्हीआयचा, म्हणजे हिरवेपणा आकड्यात मांडणारा, नकाशा काढलात तरी हा पेच सुटत नाही. जिवंत पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परतवतं, त्या फरकावरून तो आकडा निघतो. पान खाण्याजोगं आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. आणि वाळलेलं गवत, ज्यावर गुरं उन्हाळा काढतात, ते तर त्यात जवळपास दिसतच नाही.

फोटो हाती आला की मी आधी उघडी माती शोधते, तीही पाणवठ्यापासून. गुरांचा रोजचा राबता असल्याने तिथं जमीन उघडी पडणारच. तो उघडा पट्टा वर्षागणिक बाहेर सरकतोय का, ते बघा. मग पाणवठ्याकडे येणाऱ्या गुरवाटा. उतारावरची वाट रुंद होऊन तिच्या कडा ढासळल्या असतील, तर तिथं ओघळ पडायला लागलाय. १०० मीटरवरून काढलेल्या ड्रोनच्या फोटोत एक ठिपका जमिनीवरच्या साधारण ३-४ सेंटिमीटरचा असतो, त्यामुळे अशी कड ओळखू येते. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रात ठिपका १० मीटरचा, तिथं वाट हरवते. पण ती चित्रं २०१५पासूनची आणि फुकट आहेत. मागची वर्षं ताडून बघायला जरूर वापरा.

आता गुराख्यांना बरोबर घ्या आणि फोटोतल्या हिरव्या पट्ट्यांत प्रत्यक्ष फिरा. एक मीटर लांब-रुंद चौकट टाका, आतलं सगळं कापा, गुरं खातात ते आणि खात नाहीत ते वेगळं करा, वाळवून तोला. चांगल्या वाटणाऱ्या जागी टाका, वाईट जागीही टाका. काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच बहुतेक जण ते टाळतात आणि नुसत्या रंगीत नकाशावर चराईचे निर्णय घेतात. कृपा करून तसं करू नका.

पुढचे फोटो उन्हाळ्याच्या शेवटी, पहिल्या पावसाआधी घ्या. हिरव्याखाली झाकलेली माती तेव्हा दिसते. दरवर्षी त्याच सुमारास, त्याच उंचीवरून आणि सूर्य डोक्यावर असताना काढा, नाहीतर झुडपांच्या सावल्या मोजणीत घोटाळा करतील.