लॅब्रडॉर, जिना आणि आखडलेली बोटं

प्रश्न : माझं वय 63. तिलकनगरात पहिल्या मजल्यावर एकटी राहते. 18 पायऱ्या, लिफ्ट नाही. आमचा लॅब्रडॉर शेरू बारा वर्षांचा होऊन दिवाळीनंतर गेला. मला तीन वर्षांपासून रुमॅटॉइड आमवात आहे. बरं असेल तेव्हा अर्धा तास आरामात फिरते. अंग आखडलं की दुधाची पिशवीसुद्धा कापता येत नाही. पुण्याचा मुलगा माझ्या वाढदिवसाला लॅबचं पिल्लू आणतो म्हणतोय. शेजारच्या काकू म्हणतात, लहानसा पग घे. घर खायला उठतं, कुत्रा हवाच आहे. कुठला घ्यावा?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, कुत्रा जरूर घ्या. पण मुलाला आजच फोन करून सांगा, पिल्लू आणू नकोस.

तुम्हाला आठवतोय तो शेवटच्या वर्षांतला शेरू असणार, सोफ्याशेजारी पडून राहणारा शहाणा म्हातारा. त्याचं पहिलं वर्ष आठवून बघा. लॅबची मादी 25 ते 32 किलोची होते, नर 36 पर्यंत जातो. आठ-नऊ महिन्यांत अंगात ताकद येते, अक्कल यायला पुढे बराच वेळ लागतो. तोवर मांजर दिसलं की हिसका, आणि तो थेट तुमच्या मनगटाला. लहान पिल्लाला दर दोन-तीन तासांनी शू लागते, रात्रीही. म्हणजे तेवढ्या वेळा 18 पायऱ्या खाली आणि 18 वर. आमवातात सकाळी उठल्यावरचा वेळ सर्वांत जड, आणि पिल्लाला घाई नेमकी तेव्हाच. पुढचंही बघा. तुम्ही 73 च्या व्हाल तेव्हा लॅब दहाचा असेल. या जातीत खुब्याचे सांधे बिघडतात, शिवाय खादाडपणामुळे वजन वाढतं. त्याला जिना चढवणार नाही आणि तुम्हाला तो उचलवणार नाही. मग काय करायचं?

माझ्या प्राण्यांच्या दवाखान्यात मी लोकांना बऱ्या दिवसांचं विचारतच नाही. ज्या दिवशी मूठ मिटत नाही, त्या दिवशी या कुत्र्याचं कोण आणि कसं करणार, एवढंच विचारते.

आता काकूंचा पग. उचलायला सोपा, 6 ते 8 किलोचा. पण नाक चपटं असल्यामुळे त्याला धापा टाकून अंग थंड करणं नीट जमत नाही, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 40 च्या वर असतो. शिवाय चेहऱ्याच्या घड्या वरचेवर पुसाव्या लागतात. हे बोटांचं काम. शिह त्झू किंवा ल्हासा घेतला तर रोज विंचरायचं, तेही बोटांचंच. (मी महूच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकत होते तेव्हा इंदुरात जर्मन शेफर्ड आणि पॉमेरियन सोडून फारसं काही दिसत नसे. आता बर्फाच्या मुलखातले हस्की दिसतात, एसीसमोर बसलेले. घेणाऱ्यांना काय म्हणावं!) डॅशहुंड तर नकोच. लांब पाठीमुळे त्याचा मणका नाजूक असतो, जिन्यावर त्याला कडेवर घ्यावं लागतं. बीगलचं नाक जमिनीला लागलं की तो तुमचं ऐकत नाही, नाक नेईल तिकडे ओढतो.

आणि लहान कुत्रा म्हणजे कमी त्रास, हेही अर्धंच खरं. पट्टा लावायला, भांडं ठेवायला, पाय पुसायला प्रत्येक वेळी जमिनीपर्यंत वाकावं लागतं. वर तो पायात घोटाळतो. गुडघ्याइतक्या उंचीच्या कुत्र्याला उभ्याउभ्या पट्टा लावता येतो. ज्यांना वाकता येत नाही त्यांच्यासाठी वजनाइतकीच ही उंचीही मोलाची.

म्हणून तुमच्यासाठी माझी पहिली पसंती : तीन ते पाच वर्षांची, नसबंदीचं ऑपरेशन झालेली, 12-14 किलोची देशी कुत्री, कुणाच्या तरी घरात राहून माणसाळलेली. छोटे केस, इथल्या उन्हाची सवय आणि स्वभाव आधीच कळलेला. दुसरी पसंती पॉमेरियन म्हणून विकला जाणारा आपला स्पिट्झ, तोही वाढलेलाच. लहान चणीचा 5 ते 7 किलोचा असतो. तो भुंकतो फार, तेव्हा शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. आठवड्यातून दोनदा ब्रश करावा लागतो. जाड मुठीचा ब्रश घ्या.

पसंत पडली तरी लगेच हो म्हणू नका. पंधरा दिवस सांभाळायला मागा. ती जिना कशी उतरते ते बघा. चढताना सगळेच शहाणे असतात, खरी ओढ उतरताना लागते. गल्लीतली कुत्री अंगावर आली, कचरागाडीचं गाणं सुरू झालं, की काय करते तेही बघा. हे सगळं तुमच्या वाईट दिवशीही तपासा, त्या दिवशी मुद्दाम कुणाला तरी सोबत घेऊन.

पट्टा रुंद आणि मऊ असू द्या. मनगटाला किंवा बोटांना गुंडाळायचा नाही, कमरेला बांधायचा नाही. तो आपोआप आत ओढला जाणारा बारीक दोरीचा प्रकार तर दुकानातच राहू द्या. छातीवर कडी असलेला हार्नेस घेतला तर ओढ बरीच कमी होते. खाण्याचं भांडं स्टुलावर ठेवा. गॅलरीत शू-शीसाठी एक ट्रे ठेवून पहिल्या आठवड्यापासून सवय लावा, म्हणजे वाईट दिवशी जिना टळेल. मुलाला भेट द्यायचीच असेल तर सकाळी कुत्रीला फिरवून आणणाऱ्या मुलाचा पगार त्याने द्यावा.

सर्वांत महत्त्वाचं राहिलंच होतं. आमवातासाठी मेथोट्रेक्सेट घेत असाल तर ती गोळी कुत्र्याला विषारी आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनीही कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडं बिघडतात. आखडलेल्या बोटांतून गोळी निसटते आणि कुत्रं ती आपल्याआधी उचलतं. गोळ्या दार बंद करून खोलीत घ्या, किंवा टेबलावर ताट ठेवून त्यावर. मेथोट्रेक्सेटसारख्या औषधांनी तुमची प्रतिकारशक्ती कमी होते, म्हणून कुत्रीचं रेबीजचं लसीकरण आणि जंतांचं औषध चुकवू नका. ओरखडा किंवा चावा बसला, तर साबणाने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

प्रश्न : बाबांना पार्किन्सन आहे, घरात चार वर्षांचा जर्मन शेफर्ड. तो त्यांच्या मागे-मागे फिरतो. धक्का लागून पडतील म्हणून सगळे म्हणतात, कुत्रा कुणाला तरी देऊन टाका.
– एक मुलगी, सुदामानगर

उत्तर : द्यायची गरज मला वाटत नाही. बाबांनी पट्टा धरायचा नाही, तेवढं पक्कं ठरवा, फिरवणं तुमच्याकडे. त्याच्या पाठीचा आधार घेऊन उठायचीही सवय लावू देऊ नका. त्यासाठी मुद्दाम शिकवलेले कुत्रे असतात, आपला घरचा नाही. "जागेवर" म्हटलं की सतरंजीवर जाऊन बसायचं, हे त्याला रोज पाच-पाच मिनिटं शिकवा. बक्षिसाचा तुकडा मात्र बाबांच्या हातून, खुर्चीत बसून. गळ्यात घुंगरू बांधा म्हणजे तो कुठे आहे ते बाबांना कळेल. रात्री पलंग ते बाथरूम या वाटेत तो झोपता कामा नये. त्याचं अंथरूण बाबा उतरतात त्या बाजूला नको, भिंतीकडे असू द्या, आणि वाटेवर एक मंद दिवा.