विचारा ताईंना: पॅनल नंतर, आधी पंप बघा

मागच्या अंकात मी म्हटलं होतं की लाईट बिल, कचरा, सोलर असल्या विषयांवर काय अडतंय ते कळवा, आणि झालं असं की निम्म्याहून जास्त पत्रं सोसायटीच्या भांडणांचीच आली. सगळी घेता येणार नाहीत, पाच निवडलीत.

प्रश्न: ताई, आमची डोंबिवलीत ३२ फ्लॅटची सोसायटी आहे, कॉमन लाईट बिल महिन्याला २२ हजारांच्या वर जातं. काही जणांना गच्चीवर सोलर हवंय. वरच्या मजल्यावरचे काका म्हणतात स्लॅबला भोकं पाडलीत तर गळती माझ्या डोक्यावर. तीन मीटिंगा झाल्या, तीनही वेळा आरडाओरडा होऊन चहा पिऊन सगळे घरी गेले. मी सेक्रेटरी आहे आणि आता कंटाळलोय. काय करू? (एक वाचक, डोंबिवली)

अहो, आधी सोलरचा विषयच अजेंड्यावरून काढा. खरंच सांगतेय. मी स्वतः पाच वर्षं सेक्रेटरी होते त्यामुळे हे दुखणं मला माहितीये, आपण थेट पॅनलवर उडी मारतो आणि मग पैसा, गच्ची, गळती सगळी भांडणं एकदमच अंगावर येतात. त्याऐवजी पुढचे पंधरा दिवस फक्त एक करा, वॉचमनकडे एक वही द्या आणि पंप किती वाजता चालू केला, किती वाजता बंद केला एवढंच लिहायला सांगा. बाकी काही नको.

आमच्याकडे वही उघडली तेव्हा कळलं की पंप दिवसाला सात तास चालतोय. का, तर फूट व्हॉल्व (खालच्या टाकीत पाईपच्या टोकाला असलेली, पाणी मागे जाऊ न देणारी झडप) गळत होता, पंप अर्धा वेळ पाणी न उचलता नुसताच फिरत होता, आणि वरची टाकी रोज सकाळी अर्धा तास ओव्हरफ्लो व्हायची, तो आवाज ऐकूनच आम्ही उठायचो पण कुणाच्या डोक्यात आलं नाही की हे आपलंच बिल वाहतंय. व्हॉल्व बदलला, टाकीला लेव्हल कंट्रोलर (टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारा) लावला, प्लंबर घरोघर फिरवून गळके फ्लश टँक दुरुस्त केले (रात्रभर गळणारा फ्लश म्हणजे तेच पाणी पुन्हा वर चढवायचं), पंप चार तासांवर आला. पाच एचपीचा पंप तासाला साधारण साडेचार युनिट खातो, म्हणजे तीन तास वाचले की दिवसाला साडेतेरा, महिन्याला ४०० युनिट. आणि यात मीटिंगमध्ये कुणी ओरडायचा प्रश्नच नाही, नळ दुरुस्त करू नका असं कोण म्हणणार?

मग जिना आणि पार्किंगच्या ट्यूब. जुनी ट्यूब चोकसकट ५० वॅटच्या आसपास जाते, एलईडी २० वॅटची. ४० ट्यूब रोज बारा तास जळत असतील तर फरक दिवसाला साडेचौदा युनिट, महिन्याला ४३०. पार्किंगमध्ये सेन्सर लावले तर आणखी कमी, पण जिन्यात सेन्सर जपून लावा, आमच्या एक आजी हळू चढतात, मधेच अंधार व्हायचा आणि त्या बिचाऱ्या तिथेच हात हलवत उभ्या. वेळ वाढवून घेतली मग.

आता हे दोन्ही मिळून आठशेवर युनिट झाले. गच्चीवरचं १ किलोवॅट सोलर आपल्याकडे दिवसाला सरासरी ४ युनिट देतं, म्हणजे १० किलोवॅटचे महिन्याला १२०० धरा, पावसाळ्यात बरेच कमी. आधी गळती न बुजवता सोलर लावलं असतं तर त्यातला दोनतृतीयांश फुकट वाहणाऱ्या पाण्यासाठी आणि जुन्या ट्यूबांसाठी गेला असता. म्हणून म्हणते आधी पंप.

हे झालं की सोलर नक्की आणा, तेव्हा हिशोबही छोटा असेल. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार सबसिडी आहे (स्वतंत्र घराला वेगळी, २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार आणि ३ किंवा जास्तला एकूण ७८ हजार, ती बातम्यांमध्ये दिसते म्हणून लोक सोसायटीलाही तेवढीच धरून बसतात आणि मग वेंडरशी भांडतात). गरजेपेक्षा मोठं लावू नका. नेट मीटरिंगमध्ये (सोलरची वीज बिलातून वजा करायची पद्धत) जास्तीचे युनिट पुढच्या महिन्याला जातात पण मार्चअखेर हिशोब मिटतो, आणि उरलेल्या युनिटला मिळणारा दर आपण भरतो त्याच्या मानाने अगदीच किरकोळ असतो. वीज विकून श्रीमंत होऊ असं कुणी मीटिंगमध्ये सांगत असेल तर त्याला पुढचा खजिनदार करा.

अजून एक, हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवा नाहीतर शिव्या तुम्हाला बसतील: बॅटरी नसलेलं सोलर लाईट गेली की बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. बिघाड नाही तो, ते मुद्दाम तसं केलेलं असतं कारण खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या गच्चीवरून शॉक बसू नये.

आणि काकांबद्दल. त्यांची भीती खोटी नाही, उगाच त्यांना विकासविरोधी वगैरे म्हणू नका. वॉटरप्रूफिंग आधी करून घ्या, नंतर नाही, कारण वर स्ट्रक्चर बसलं की खाली काम करणं म्हणजे शिक्षा. स्लॅबला भोकं न पाडता काँक्रीटच्या ब्लॉकवर स्ट्रक्चर उभं करता येतं का ते वेंडरला विचारा, जोराच्या वाऱ्यात ते टिकेल याचा हिशोब लेखी मागा. पॅनल सात-आठ फूट उंच घेतले तर खाली पापड, कोजागिरी सगळं होतं, खर्च थोडा वाढतो. आणि काकांना हे नक्की सांगा की पॅनलची सावली स्लॅबवर पडते, एप्रिल-मेमध्ये सगळ्यात थंड बेडरूम त्यांचीच असणार. आमच्याकडचा विरोध या एका वाक्यावर विरघळला होता.

प्रश्न: मी पुण्यात भाड्याने राहते. घरमालक काहीच करणार नाही, सोसायटीच्या मीटिंगला भाडेकरूला कुणी विचारत नाही. मग मी काय करायचं, फक्त अपराधी वाटून घ्यायचं का? (एक वाचक, कर्वेनगर)

अजिबात नाही! जे काढून सोबत नेता येईल ते घ्यायचं. बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) घ्या, साधा पंखा ७५ वॅट, हा ३० च्या आसपास. तीन पंखे बारा तास चालले तर महिन्याला ४८ युनिट वाचतात. आणि महावितरणच्या बिलात १०० युनिटच्या वर गेलं की पुढच्या युनिटचा दर जवळपास दुप्पट होतो, त्यामुळे वाचणारे युनिट नेहमी वरच्या महागड्या टप्प्यातले असतात, हे लोकांच्या लक्षात येत नाही. घर सोडताना मालकाचा जुना पंखा परत लावायचा आणि आपला खोक्यात. एसी असेल तर २४ वर ठेवा, २०२० पासून स्टार रेटिंगचे एसी चालू करताना २४ वरच येतात ते उगाच नाही, एकेक डिग्री खाली गेलं की साधारण सहा टक्के वीज जास्त.

मीटिंगचं म्हणाल तर मत नसलं म्हणून तोंड नाही असं थोडीच आहे? व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकी ओव्हरफ्लो होतानाचा व्हिडिओ टाकायला मालक असावं लागत नाही.

प्रश्न: आमच्या सोसायटीने ओल्या कचऱ्याचं मशीन घेतलं, लाखभर रुपये गेले. वास येतो, वीज खातं, आणि आता ते बंदच आहे. खत करायचा नाद सोडून द्यावा का? (एक वाचक, बाणेर)

मशीनचा नाद सोडा, खताचा नको. पुण्यात खत, सोलर, पावसाचं पाणी यातलं काही केलं की मिळकतकरात ५ टक्के सवलत मिळते, दोन गोष्टी केल्या तर १०, आणि त्या सवलतीसाठी पुष्कळ सोसायट्यांनी घाईघाईत मशीन उचलली. कचरा कुजवायला वीज लागत नाही हो, जंतू ते काम फुकट करतात, त्यांना फक्त हवा आणि कोरडं खाद्य हवं. वास येतो तो बहुतेक वेळा ओलं जास्त झाल्यामुळे. दोन जाळीच्या टाक्या करा, एक भरेपर्यंत दुसरी मुरते, आणि ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर वाळक्या पाल्याचा तेवढाच जाड थर. पाला तर तुमच्याच आवारात झाडून पेटवत असतील, ते आधी थांबवा! आंबट ताकात थोडा गूळ कालवून शिंपडला की सुरुवात लवकर होते.

पण खरी मेख टाकीत नाही, डब्यात आहे. डायपर आणि दुधाची पिशवी ओल्यात आली की संपलं. तुमच्याकडे कचरा घ्यायला येणाऱ्या ताई बऱ्याचदा 'स्वच्छ'च्या असतात, पुण्यातली कचरावेचकांची ती सहकारी संस्था, २००८ पासून महापालिकेबरोबर काम करते, आणि कुठल्या घरातून कसा कचरा येतो हे त्या बायकांना कमिटीपेक्षा जास्त माहीत असतं. त्यांना एकदा खुर्ची देऊन बसवा आणि विचारा. टाकी सांभाळायचं काम त्यांनाच देणार असाल तर वेगळे पैसे द्या, "येताजाता बघा जरा" असं नको.

प्रश्न: सूर्यचुलीवर खरंच स्वयंपाक होतो का? (एक वाचक, अकोला)

शिर्डीत होतो! साई संस्थानच्या प्रसादालयात २००९ पासून ७३ मोठ्या तबकड्यांवर ऊन गोळा करून वाफ करतात आणि त्या वाफेवर हजारो लोकांचं जेवण शिजतं. घरची पेटीवाली चूल मात्र वेगळी, तिच्यावर डाळ-भात, शेंगदाणे भाजणं, बटाटे उकडणं मस्त होतं, दोन-तीन तास लागतात. फोडणी आणि पोळी विसरा. अकोल्याच्या उन्हात तर मार्च ते मे तुमचा कुकर गॅसवर चढायलाच नको. डबे बाहेरून काळे हवेत, आणि मधे मधे झाकण उघडून बघायची सवय सोडा.

प्रश्न: सातारा जिल्ह्यातलं मान्याचीवाडी राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं तसं आमचंही गाव करायचं असं ग्रामसभेत ठरतंय. पण गावात उन्हाळ्यात प्यायला टँकर येतो, मग आधी काय? (एक वाचक, माण तालुका)

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. पाटण तालुक्यातली ती वाडी १०० च्या आसपास घरांची, आणि स्वच्छता, एकोपा ही कामं तिथे सोलरच्या आधीपासून चालू होती, पॅनल नंतर आले. तुमच्याकडे पाणी आधी. आणि पाणी म्हणजेच वीज, हे मी उगाच म्हणत नाही. हजार लिटर पाणी १०० मीटरवरून उचलायला ३० मीटरच्या तिप्पटीहून जास्त वीज लागते. बोअर जितकी खोल जाते तितकं बिल वर जातं, मग ती वीज कोळशाची असो नाहीतर सोलरची. उलट सोलर पंप मिळाला की वीज फुकट म्हणून दिवसभर उपसा चालू राहतो आणि पाणी अजून खाली जातं, ही भीती मला जास्त वाटते.

हिवरे बाजार या गावाने काय केलं बघा. १९८९ नंतर पोपटराव पवार सरपंच झाल्यावर त्यांनी कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदानातून चर-बंधारे हे केलंच, पण शेतीसाठी बोअर बंद केल्या आणि दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली, यंदा पाऊस कमी तर कुठली पिकं घ्यायची नाहीत ते ग्रामसभेत ठरतं. ठराव करायचाच असेल तर पहिला पाण्याच्या ताळेबंदाचा करा, दुसरा सोलरचा. आणि पर्जन्यमापक शाळेत बसवा, पोरं रोज आकडा फळ्यावर लिहितील, मग कुणी म्हणायला नको की पाऊस नक्की किती पडला कुणास ठाऊक.