मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को: नुसत्या किलोमीटरवरून तास काढू नका

ताई, आईंना मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला एकटीने पाठवताय आणि 13,500 किमीला ताशी 900 ने भागून 15 तास धरलेत. अंतर बरोबर आहे, पण तेवढ्यावर आईंच्या औषधांच्या वेळा ठरवू नका.

13,500 म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोन विमानतळांमध्ये दोरा ताणला तर येणारं अंतर. घरी मुलांचा पृथ्वीगोल असेल तर खरंच ताणून बघा. दोरा युरोपकडे जातच नाही. हिमालय, सायबेरिया, आर्क्टिक महासागर आणि मग अलास्कावरून खाली येतो! विमानाला ही वाट क्वचितच मिळते. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला पटकन 10,000 फुटांवर उतरावं लागतं, आणि हिमालयात खाली डोंगरच त्याहून उंच. शिवाय 2022 पासून अमेरिकी कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही, आणि एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली.

त्यात वारा. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पूर्वेकडे, पॅसिफिकवरून नेलं. वाट सुमारे 1,400 किमीने लांबली, 15,300 किमी झाली, तरी वारा पाठीशी असल्याने ते साडेचौदा तासांत, म्हणजे नेहमीपेक्षा लवकर पोचलं. अंतर वाढून वेळ कमी झाला!

म्हणून तास तिकिटावरूनच काढा. तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. तिथल्या उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्को आपल्या साडेबारा तास मागे, हिवाळ्यात साडेतेरा. समजा जूनमध्ये मुंबईहून पहाटे 2 ला निघून त्याच तारखेला दुपारी 1 ला पोचणार असं लिहिलंय. दिसतात 11 तास, प्रत्यक्षात साडेतेवीस, मधला थांबा धरून. त्यात घर ते विमानतळ आणि आधीचे तीन-चार तास मिळवा. गोळ्या या हिशोबाने हातातल्या पिशवीतच ठेवा, बॅगेत नकोत.

थांबा शक्यतो अमेरिकेबाहेर घ्या. न्यूयॉर्कजवळच्या न्यूअर्कसारख्या ठिकाणी विमान बदलायचं असेल तर इमिग्रेशन तिथेच होतं, बॅगा उचलून पुन्हा द्याव्या लागतात. दोन तासांत वयस्कर माणसाची फार ओढाताण होते. तिथूनच जायचं असेल तर निदान चार तास ठेवा. व्हीलचेअर मात्र तिकीट काढतानाच मागून ठेवा. आई चालत्या-फिरत्या असल्या तरी मागा, कारण सोबत माणूस मिळतो.

आणि तारीख नीट बघा. 12 तारखेचं पहाटे 2 चं विमान म्हणजे 11 च्या रात्री 10 ला विमानतळावर. आमच्या मामांचं विमान याच घोळात चुकलं होतं, ते 12 च्या रात्री बॅगा घेऊन निघाले.