पाण्याच्या पंपावरून द्रव हायड्रोजनच्या पंपाकडे

प्रश्न: मी सोलापुरात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वडिलांचं बोअरवेलच्या सबमर्सिबल पंपांची दुरुस्ती आणि वाइंडिंग करण्याचं दुकान आहे. मला द्रव हायड्रोजनच्या पंपांच्या डिझाइनमध्ये काम करायचं आहे. घरचे म्हणतात, एवढ्याशा क्षेत्राच्या मागे लागू नकोस, सॉफ्टवेअरचा कोर्स कर. पाण्याच्या पंपाचं ज्ञान तिथे चालेल का? शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट कोणतं घेऊ?

उत्तर: चालेल, आणि तुला वाटतं त्याहून जास्त चालेल. द्रव बदलला तरी पंपाचं गणित तेच राहतं. त्यात घालायचे आकडे मात्र बदलतात, आणि सगळी अडचण त्या आकड्यांतच आहे.

द्रव हायड्रोजन वातावरणाच्या दाबाला उणे 253 अंश सेल्सिअसला, म्हणजे साधारण 20 केल्विनला उकळतो. त्याची घनता घनमीटरला 71 किलो, पाण्याच्या चौदाव्या हिश्शाएवढी. दाब 10 बारने वाढवायचा तर पाण्यासाठी 102 मीटर हेड (द्रवाच्या स्तंभाच्या उंचीत मोजलेला दाब) पुरतो. हायड्रोजनला जवळपास 1,435 मीटर लागतो. त्याच घडणीच्या इम्पेलरने (पंपातल्या फिरत्या पात्यांच्या चाकाने) हे एका टप्प्यात साधायचं, तर पाण्यात कडेचा वेग सेकंदाला 45 मीटर असेल तिथे हायड्रोजनमध्ये तो 170 च्या आसपास न्यावा लागतो. म्हणून हे पंप एक तर फार वेगाने फिरतात, नाहीतर अनेक टप्प्यांचे असतात.

आता कार्यक्षमता. पाण्याच्या पंपाची कार्यक्षमता घसरली की वीजबिल वाढतं. इथे वाया गेलेली शक्ती उष्णता होऊन त्याच द्रवात उतरते, आणि खरा त्रास तिचा आहे. 10 बारसाठी किलोमागे आदर्श काम 14 किलोज्यूल. कार्यक्षमता 60 टक्के धरली तर प्रत्यक्षात 23.5 लागतात, म्हणजे साडेनऊच्या आसपास किलोज्यूल द्रवात शिरतात आणि तो जवळजवळ 1 केल्विनने तापतो. पाण्यात हीच वाढ 0.16 केल्विन असते. उकळबिंदूवरच असलेल्या हायड्रोजनचा बाष्पदाब (दाब याखाली गेला की द्रव उकळतो) 1 केल्विनने सुमारे 0.3 बार वाढतो. बाहेर पडताना दाब जास्त असल्याने तो उकळत नाही. पण वेअर रिंगमधून (इम्पेलर आणि केसिंगमधली गळती रोखणाऱ्या कड्यातून) गळून सक्शनकडे, म्हणजे द्रव आत येण्याच्या बाजूकडे, परतलेला तापलेला भाग तिथे बाष्प होतो आणि इम्पेलरच्या तोंडाशीच भरणा बिघडवतो.

म्हणून क्लिअरन्सचा, म्हणजे फिरत्या आणि स्थिर भागांमधल्या फटीचा, हिशेब खोलीच्या तापमानाला करून भागत नाही. 20 केल्विनपर्यंत थंड होताना स्टेनलेस स्टील मीटरमागे सुमारे 3 मिलिमीटर आकसतं, ॲल्युमिनियम सुमारे 4.1. स्टीलच्या केसिंगमध्ये 100 मिलिमीटर व्यासाचा ॲल्युमिनियमचा इम्पेलर बसवला, तर थंडीत फट व्यासावर 0.11 मिलिमीटरने वाढते आणि गळती वाढते. धातू उलटे वापरले तर फट तेवढीच कमी होते आणि इम्पेलर घासतो. ड्रॉइंगवर दोन्ही तापमानांची मापं लिहायची सवय आत्ताच लाव. बेअरिंगला तेल-ग्रीस चालत नाही, गोठतं. पीटीएफईयुक्त (टेफ्लॉनयुक्त) केज, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या जागेवर धरणारा पिंजरा, स्वतःच वंगण पुरवतो आणि हायड्रोजन थंडावा देतो.

सक्शनची बाजू सर्वांत नाजूक. टाकीतला द्रव उकळबिंदूवर असतो, आणि एक मीटर उंचीच्या हायड्रोजनचा दाब जेमतेम 0.007 बार. त्यामुळे टाकीत वायूचा दाब राखावा लागतो आणि इम्पेलरच्या पुढे इंड्युसर, म्हणजे आत येणाऱ्या द्रवाचा दाब थोडा वाढवणारा स्क्रूसारखा पंखा, लावतात. 12 ऑगस्ट 2021 ला इस्रोचं जीएसएलव्ही-एफ10 रॉकेट अपयशी ठरलं ते इथेच. व्हेंट अँड रिलीफ व्हॉल्व्हमधून गळती झाली, हायड्रोजनच्या टाकीत पुरेसा दाब राहिला नाही, टाकीतला बूस्टर टर्बोपंप नीट चालला नाही आणि इंजिनाला पुरेसं इंधन पोचलं नाही. सगळं घडलं बहुधा व्हॉल्व्हच्या एका सीलवरून! एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. बुडबुडा तयार होताना उष्णता आजूबाजूच्या द्रवातून घेतो, तो द्रव थंड होतो, बाष्पदाब उतरतो आणि कॅव्हिटेशन (कमी दाबामुळे पंपात बुडबुडे होणं) आटोक्यात राहतं. साध्या तापमानाच्या पाण्यात हा परिणाम नगण्य असतो, म्हणून पाण्यावरच्या चाचणीचे कॅव्हिटेशनचे आकडे बहुधा सुरक्षित बाजूचे येतात.

तुझं प्रोजेक्ट यातूनच निघतं. कॉलेजच्या लॅबमधला 1 एचपीचा मोनोब्लॉक पंप घे. सबमर्सिबल नको, त्याची सक्शन हाताशी येत नाही. व्हॅक्यूम गेज, प्रेशर गेज, फ्लो मीटर, वॉट मीटर आणि थर्मामीटर लाव. प्रवाह कायम ठेवून सक्शनचा दाब हळूहळू कमी कर. हेड 3 टक्क्यांनी पडेल तो बिंदू, म्हणजे कॅव्हिटेशनची खूण, नोंदव. सक्शनचा व्हॉल्व्ह पंपाजवळ लावू नकोस, प्रवाह विस्कटून चुकीचे आकडे येतात. पाइपच्या व्यासाच्या किमान दहापट अंतर ठेव. टाकी बंद करून व्हॅक्यूम देणार असशील तर टाकी जाड स्टीलचीच हवी, प्लास्टिकची पिचकेल. वातावरणाचा दाब 101.3 किलोपास्कल धरू नकोस. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण 460 मीटर उंच आहे, इथे तो 96 च्या आसपास असतो. इथेच सक्शनच्या हेडमध्ये अर्ध्या मीटरची चूक होते. चाचणी 30 आणि 60 अंशांच्या पाण्यावर कर. बाष्पदाब अनुक्रमे 4.2 आणि 19.9 किलोपास्कल.

दुसऱ्या भागात हाच पंप हायड्रोजनवर कसा वागेल ते पायथनमध्ये मांड. गुणधर्मांसाठी कूलप्रॉप ही मोफत लायब्ररी आहे. त्यात पॅराहायड्रोजन (हायड्रोजनच्या रेणूच्या दोन रूपांपैकी एक) निवड, कारण 20 केल्विनला समतोलात जवळपास सगळा हायड्रोजन पॅरा रूपात असतो. घरच्यांच्या सॉफ्टवेअरच्या आग्रहाला हे अर्धं उत्तर आहे. प्रत्यक्ष हायड्रोजन किंवा द्रव नायट्रोजन स्वतःहून हाताळायला जाऊ नकोस.

घरच्यांची काळजी खोटी नाही. फक्त द्रव हायड्रोजनच्या पंपांच्या नोकऱ्या देशात मोजक्या आहेत. पण त्याच कौशल्याला द्रव ऑक्सिजन, द्रव नायट्रोजन आणि एलएनजीमध्ये (द्रवरूप नैसर्गिक वायूमध्ये) जागा आहे. उणे 162 अंशांच्या एलएनजीच्या टाकीत मोटरसकट बुडवलेले पंप असतात, आणि मोटर द्रवात चालवण्याचे प्रश्न तुझ्या वडिलांना रोजच्या कामातून माहीत आहेत. दाभोळला एलएनजी टर्मिनल आहे. इस्रोचं हे काम तिरुवनंतपुरम-बेंगळुरूच्या एलपीएससी आणि तमिळनाडूतल्या महेंद्रगिरीच्या आयपीआरसी या तिच्या रॉकेट इंजिनांच्या केंद्रांत चालतं.

पुढचा रस्ता माझ्या मते एम.टेक.चा. गेट देऊन आयआयटी खरगपूरच्या क्रायोजेनिक इंजिनिअरिंग सेंटरकडे किंवा आयआयटी मुंबईच्या थर्मल शाखेकडे बघ. एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर आयआयटी मुंबईचा क्रायोजेनिक इंजिनिअरिंगचा कोर्स मोफत आहे, तो या सुट्टीतच सुरू कर. इस्रोच्या सायंटिस्ट/इंजिनिअर 'एससी' पदाला आतापर्यंतच्या जाहिरातींत बी.ई.ला किमान 65 टक्के किंवा 6.84 सीजीपीए मागितला आहे. तुझा सीजीपीए पत्रात नाही. तो याखाली असेल तर गेटच्या क्लासआधी उरलेल्या सत्रांचं वेळापत्रक त्यासाठी बसव.