तबकडी तापते, चहा मात्र निवतो

प्रश्न : कचेरीत मग गरम ठेवणारी विजेची तबकडी वापरतो, तरी सिरॅमिकच्या मगातला चहा कोमटच होतो. मगातच काही सुधारणा करता येईल का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : मग पालथा करून पाहावा. बहुतेक मगांच्या बुडाला कडेने उंचवटा व मध्ये खोलगट भाग असतो. त्यामुळे तबकडीला केवळ कडा टेकते आणि मध्ये अडकलेली हवा, जी उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे, ऊब वर जाऊ देत नाही. सपाट काचेवर वॉटर पेपर (पाण्यासोबत वापरायचा घासकागद) ठेवून, पाणी घालत मग गोलाकार घासल्यास कडा उतरते व पोकळी उथळ होते. कोरडे मात्र कदापि घासू नये, कारण त्या धुळीतील सिलिका फुफ्फुसांना घातक असते. एवढा खटाटोप नको असल्यास पोकळीच्या नेमक्या खोलीची ॲल्युमिनियमची चकती कातून घ्यावी. ती जराही जाड झाली, तर मग डुगडुगेल आणि सांडलेल्या चहाची गाठ विजेशी पडेल. खरे तर बरीचशी उष्णता पृष्ठभागावरील वाफेवाटे जाते, आणि आपल्याकडे डोक्यावर पंखा बाराही महिने फिरतच असतो. म्हणून घासाघाशीआधी मगावर झाकण ठेवून पाहावे.