थंड इंजिन, निळा धूर

अरे, थंड गाडी सुरू करताना निळा धूर आला म्हणून लगेच घाबरू नकोस. पोर्श ९११ किंवा बॉक्स्टरच्या इंजिनात सिलिंडर आडवे झोपलेले असतात. गाडी आठवडाभर उभी राहिली की थोडं ऑइल पिस्टनच्या रिंगांतून सिलिंडरात झिरपतं आणि स्टार्टर मारल्यावर निळसर धुराचा भपका येतो. जागा उतरती असेल तर जरा जास्तच. थोड्या वेळात विरला तर विषय सोड.

धूर थांबतच नसेल, मागचा रस्ता दिसेनासा होत असेल, तर मात्र एअर-ऑइल सेपरेटरवर (इंजिनातल्या हवेतून ऑइल वेगळं काढणारा भाग) संशय घे. त्याचा पडदा फाटला की इंजिन आपलंच ऑइल इनटेकमधून, म्हणजे हवा आत घ्यायच्या वाटेने, ओढून जाळतं. इंजिन आयडलवर (रेस न देता नुसतं चालू) ठेवून ऑइल भरायचं झाकण काढून बघ. आतून जोरात ओढ बसली, झाकण सुटता सुटेना, तर बहुधा तोच. मग गाडी बंद कर, उगाच रेस देत बसू नकोस.

पांढरा धूर आणि गोडसर वास? कूलंट जळतंय. थंडीतली सकाळची वाफ वेगळी, ती इंजिन तापलं की जाते.

मला एका गॅरेजवाल्याने थेट इंजिन खोलायचं कोटेशन दिलं होतं. निघालं काय, तर ऑइल जास्त भरलेलं! तेव्हा आधी लेव्हल बघ.