आधुनिक राज्याचा इतिहास वाचायला घेताना

आधुनिक राज्यसंस्थेचा अभ्यास १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहापासून, म्हणजे युरोपातले तीस वर्षांचे युद्ध संपवणाऱ्या आणि आधुनिक राज्यांची सुरुवात मानल्या जाणाऱ्या करारापासून, सुरू करू नका. त्याआधी फ्रान्सच्या सातव्या चार्ल्सने १४३९ नंतर कायमस्वरूपी कर आणि १४४५ पासून खडी फौज कशी उभी केली, हे बारकाईने वाचा. कर, सैन्य आणि हिशेब ठेवणारे कारकून यांच्या साखळीतूनच आधुनिक राज्य घडत गेले, असे माझे ठाम मत आहे. मग आपल्या सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यात जाऊन या. सोळाव्या शतकात आदिलशाही राजकन्येच्या लग्नात हाच किल्ला अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला आंदण देण्याचे ठरले, तो मिळाला नाही आणि दोन्ही शाह्या लढल्या. मुलूख तेव्हा राजघराण्याची मालमत्ता होता, आणि युरोपातही विवाहसंबंधांतून प्रांत असेच हस्तांतरित होत.